वेदनेची साक्ष

मनुष्याच्या मालकीच्या बहुतेक गोष्टींस पुरावा देता येतो. जमिनीस उतारा असतो, कर्जास दस्तऐवज असतो, जखमेस डॉक्टरांचा दाखला असतो. वेदना मात्र अशी एकच मिळकत आहे की जिला मालकावाचून दुसरा साक्षीदार नाही. तापास थर्मामीटर आहे, रक्तदाबास यंत्र आहे. वेदनेस केवळ शब्द आहे. त्या शब्दावर इतरांनी किती विश्वास ठेवावा, आणि ज्याचा तो शब्द त्याने तो किती जपून उच्चारावा, हा प्रश्न वरवर वैद्यकाचा दिसला तरी मुळात नीतीचा आहे. दीर्घकालीन मज्जातंतुवेदनेवर शरीरात विद्युत्‌यंत्र बसविण्याचा जो उपचार आता आपल्याकडील मोठ्या शहरांतही होऊ लागला आहे, त्याने हा प्रश्न फार स्पष्टपणे पुढे आणला आहे. यास्तव त्याचा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

प्रथम ही वेदना कोणती ते पाहू. साधी वेदना ही देहाची राखणदार होय. काटा रुतला, निखारा लागला की ती हाक मारते आणि आपण हात मागे घेतो. मज्जातंतूच्या वेदनेत राखणदारच बिघडलेला असतो; चोर आलेला नसतानाही तो रात्रभर ओरडत राहतो. मधुमेहाने पायांचे तंतू झिजतात, नागीण बरी होऊन गेल्यावरही तिची वाट जळत राहते, मणक्याची शस्त्रक्रिया उत्तम झाली असे सांगितले जाते आणि पायातून विजेचा लोळ जावा तशी कळ जातच राहते. काहींस पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र ना सूज दिसते, ना जखम. मग घरात कुजबुज सुरू होते : “फोटोत तर काही निघाले नाही.” “काल लग्नात बसले होते की तीन तास!” आणि ज्याचा पाय जळतो आहे त्यास वेदनेबरोबरच आपल्या खरेपणाचाही बचाव करावा लागतो.

विजेने वेदना शमविण्याची कल्पना नवी नाही. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नामक रोमन वैद्याने डोकेदुखी व संधिवात यांवर विजेचा झटका देणारा समुद्रातील मासा अंगास लावण्याचा उपाय लिहून ठेवला आहे. शास्त्रीय पाया मात्र 1965 साली रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल या दोन संशोधकांनी घातला. त्यांचे म्हणणे असे की, वेदनेचा निरोप मेंदूकडे जाण्यापूर्वी मज्जारज्जूत एका दारावरून जातो, आणि स्पर्शादी इतर संवेदना वाहणारे जाड तंतू चेतविले असता ते दार काहीसे लोटले जाते. ठेच लागली की आपण ती जागा चोळतो, त्याचे मर्म हेच. पुढे दोनच वर्षांनी, 1967 साली, नॉर्मन शीली या अमेरिकन शल्यवैद्याने कर्करोगाच्या वेदनेने पिडलेल्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूपाशी असे विद्युत्‌साधन प्रथम बसविले.

आज ही क्रिया सामान्यतः दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात सुईवाटे पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, एक-दोन बारीक तारा सरकवितात. यंत्र मात्र बाहेरच, कमरेच्या पट्ट्यास लावलेले असते. रुग्ण घरी जातो आणि सुमारे आठवडाभर त्या तारांनिशी राहतो. फार वाकावयाचे नाही, पाठीवर पाणी घ्यावयाचे नाही, आणि वेदना किती उणावली ते रोज टिपून ठेवावयाचे. ती निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरली असे त्याने सांगितले, तर दुसऱ्या टप्प्यात हृदयाच्या पेसमेकरसारखे यंत्र कातडीखाली कायमचे बसवितात. तसे नसेल, तर तारा ओढून काढतात आणि प्रकरण तेथेच संपते.

या उपायाने रोग जात नाही. झिजलेले तंतू झिजलेलेच राहतात. केवळ त्यांचा आक्रोश मंदावतो. तारा जागेवरून सरकू शकतात, जंतुसंसर्ग होऊ शकतो, बॅटरी संपली की पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि कित्येकांचा आराम काही वर्षांनी ओसरतो. 2016 ते 2020 या चार वर्षांत अशा यंत्रांसंबंधी दुखापत, बिघाड इत्यादींच्या 1 लाखाहून अधिक नोंदी आपल्याकडे आल्याचे अमेरिकेच्या औषध-नियामक खात्याने 2020 साली प्रसिद्ध केले, आणि कायमचे यंत्र बसविण्यापूर्वी चाचणी घेण्याची डॉक्टरांस आठवण दिली. दुसऱ्या पारड्यात, मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरही पाय दुखत राहिलेल्या 100 रुग्णांचा एक अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिन्यांनी यंत्र लाभलेल्यांपैकी 48 टक्के लोकांची पायाची वेदना निम्म्याने वा अधिक उतरली होती, केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी 9 टक्क्यांची. म्हणजे हा उपाय जादूही नव्हे आणि थोतांडही नव्हे. काहींस तो उपयोगी पडतो, काहींस नाही. आणि कोणास पडेल ते आधी सांगता येत नाही.

येथे एक शंका आमच्या समाजात हमखास निघते. देहभोग हे प्रारब्धाचे. ते भोगूनच संपवावेत, त्यांत ढवळाढवळ कशाला? या शंकेच्या समर्थनार्थ शरशय्येवरील भीष्मांचे उदाहरण दिले जाते. दुर्योधनाने शल्ये उपटून काढण्यात निष्णात असे वैद्य आणले, तेव्हा पितामहांनी त्यांस द्रव्य देववून सन्मानाने परत पाठविले. कथा खरी, पण ती पुरी वाचावी. वैद्यांस परत पाठविले ते भीष्मांनी स्वतः. शेजारी उभ्या असलेल्या कोणी ‘यांचे भोग आहेत, भोगू द्या’ असे म्हणून वैद्यांस शिबिराच्या दारातून परतविले नाही. आणि त्याच भीष्मांनी लोंबणाऱ्या मस्तकास उशी मागितली, घसा कोरडा पडला तेव्हा पाणी मागितले. राजांनी आणलेल्या मऊ उशा नाकारल्या आणि अर्जुनाने दिलेली बाणांची उशी स्वीकारली. कोणता आराम घ्यावयाचा आणि कोणता नाही, हे ज्याच्या अंगात बाण रुतले होते त्याने ठरविले. आमच्या मते त्या प्रसंगाचा अर्थ सहन करण्याच्या थोरवीइतकाच या अधिकारातही आहे. स्वतःचे दुःख सोसणे हे तप होईल; दुसऱ्याचे दुःख त्याने सोसावे असे आपण ठरविणे हे तप नव्हे.

गंमत अशी की, ‘शल्य’ म्हणजे देहात शिरून पीडा देणारी परकी वस्तू, आणि ती काढण्याच्या विद्येस आपल्या प्राचीनांनी शल्यतंत्र हे नाव दिले. येथे सारे उलटे आहे. पीडा शमावी म्हणून एक परकी वस्तू देहात ठेवावयाची. म्हणूनच ती ठेवण्यापूर्वी देहाच्या धन्याची साक्ष नीट घेतली पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. न्यायशास्त्राचे एक जुने सूत्र असे की, कोणीही आपल्याच खटल्यात न्यायाधीश असू नये. वर वर्णिलेल्या आठवड्यात मात्र रुग्ण हाच फिर्यादी, तोच एकमेव साक्षीदार, आणि निकाल देणाराही तोच. कोर्टात असा प्रकार एक क्षणही चालणार नाही. येथे तो टाळता येत नाही, कारण त्या देहात दुसऱ्या कोणास शिरता येत नाही. कायद्यासही ही गोष्ट मान्य आहे. 1872 च्या पुरावा कायद्याने डोळ्यांस दिसणाऱ्या व कानांस ऐकू येणाऱ्या गोष्टींबरोबरच मनुष्यास स्वतःच्या ठायी जाणवणारी मनाची अवस्था हीही वस्तुस्थितीच मानली, आणि एखादी गोष्ट शाबीत करण्यास साक्षीदारांची अमुक एक संख्या लागते असे म्हटले नाही. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी ही तत्त्वे तशीच राहिली आहेत. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली आपली व्याख्या सुधारली, तेव्हा तिनेही ‘मला वेदना होते’ या मनुष्याच्या सांगण्याचा आदर राखावा असे स्पष्ट केले. तात्पर्य, एकट्याची साक्ष पुरते. अट एवढीच की ती साक्ष मोकळी असावी. एकच साक्षीदार असला की त्याच्यावर दडपण येऊ न देण्याची जबाबदारी इतरांवर शतपटीने वाढते. आमचा मुद्दा हाच आहे.

हे दडपण कोठून येते? पहिले येते ते विकणाऱ्याकडून. यंत्राचा खर्च लाखांच्या घरातला. पुष्कळ ठिकाणी यंत्र जुळवून देण्यास कंपनीचा माणूस स्वतः हजर असतो, आणि आठवडाभर ‘कसे वाटते?’ असे फोनवरून विचारतो तोही तोच. तो माणूस सज्जन व कुशल असेल. परंतु ज्याचा नफा उत्तरावर अवलंबून आहे त्याने एकट्याने प्रश्न विचारू नये, हे समजण्यास कायद्याची पदवी लागत नाही.

दुसरे दडपण घरातून येते, आणि ते प्रेमाचे असल्यामुळे अधिक बिकट असते. समजा, मुलाने भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले आहेत. सुनेने रजा घेतली आहे. आईने कुलदेवतेस नवस बोलला आहे. तारा घालून बाबा घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सारे घर खाटेभोवती जमून विचारते, “बाबा, बरं वाटतंय ना?” हा प्रश्न नव्हे, प्रश्नाचा वेष घेतलेले उत्तर आहे. सरतपासणीत वकिलाने असा प्रश्न विचारला तर विरुद्ध बाजू तत्काळ हरकत घेते, कारण सूचक प्रश्नातून साक्षीदाराचे नव्हे, विचारणाऱ्याचे मत बाहेर पडते. घरात हरकत घेणारा कोणी नसतो. बाबा मुलाच्या चेहऱ्याकडे पाहतात आणि म्हणतात, “हो, जरा बरं वाटतंय.” त्या ‘जरा’चे तिसऱ्या दिवशी ‘बरेच’ होते, आठव्या दिवशी ‘निम्म्याहून अधिक’ होते, आणि यंत्र कातडीखाली जाते. सहा महिन्यांनी रात्री एकटे बसून पाय चोळताना ते कोणास सांगणार?

तिसरे दडपण रुग्णाच्या स्वतःच्या मनातले. चार-पाच वर्षे ज्यास झोप नाही, त्याची आशा ही साधी आशा नसते, तहान असते. तहानलेल्याने मृगजळास पाणी म्हटले तर तो खोटे बोलला असे आपण म्हणत नाही. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. ‘माझे दुखणे कमी झाले’ ही साक्ष होय. ‘ते यंत्रामुळे कमी झाले’ हा निष्कर्ष होय. साक्षीदार प्रामाणिक असूनही निष्कर्षात चुकू शकतो. नॉर्वेतील एका अभ्यासात, जो 2022 साली प्रसिद्ध झाला, यंत्र बसविलेल्या 50 रुग्णांस काही महिने विशिष्ट प्रकारचा विद्युत्‌प्रवाह दिला आणि काही महिने दिला नाही. केव्हा काय चालू आहे ते रुग्णास कळत नव्हते. रोजच्या व्यवहारातील अडचणी दोन्ही काळांत पूर्वीपेक्षा कमी झाल्या, परंतु प्रवाह असता व नसता यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. त्या लोकांस खोटारडे म्हणणे हा घोर अन्याय होईल. त्यांस खरोखरच हलके वाटले होते. मात्र हलके वाटण्याचे श्रेय कोणास द्यावे, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर रुग्णाने द्यावे अशी अपेक्षाही करू नये. सर्व प्रकारची यंत्रे व सर्व प्रकारच्या वेदना यांस हा निकाल लागू होत नाही. मधुमेहाच्या पायदुखीवर अतिवेगवान स्पंदनांच्या यंत्राचा 216 रुग्णांवरील अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला, त्यात पुष्कळ चांगला गुण आढळला. पण त्यात आपणांस यंत्र मिळाले की नाही हे रुग्णांस ठाऊक होते, हेही विसरू नये.

मग साक्ष मोकळी कशी ठेवावी? प्रथम, प्रश्न बदलावा. भावनेविषयी न विचारता कृतीविषयी विचारावे. रात्री किती तास झोप लागली? आरती संपेपर्यंत उभे राहता आले काय? गोळ्या किती घेतल्या? न्हाणीघरापर्यंत भिंत धरून गेलात की न धरता? अशा प्रश्नांचे उत्तर देताना कोणाचे मन राखावे लागत नाही. ही टिपणवही चाचणीच्या आधीच्या आठवड्यातही ठेवावी, म्हणजे तुलनेस आधार राहील. दुसरे, विचारणारा असा असावा की ज्यास होकार व नकार सारखेच. घरातला नव्हे, विकणारा नव्हे.

तिसरे, संमती. 2008 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका निवाड्यात असे ठरविले की, तपासणीपुरती दिलेली संमती ही उपचारासाठी दिलेली संमती होत नाही. रुग्णास धोके, लाभ व पर्याय समजेल अशा रीतीने सांगून मगच अनुमती घेतली पाहिजे, जीवावर बेतले असेल तो प्रसंग सोडून. चाचणीच्या कागदावर सही करणाऱ्याने कायमच्या यंत्रावर सही केलेली नसते. मधे थांबण्याची जागा आहे, आणि ती जागा राखणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

यावर कोणी म्हणेल की, ही चाचणीच फोल आहे. ब्रिटनमधील 105 रुग्णांच्या एका अभ्यासात, जो 2020 साली प्रसिद्ध झाला, चाचणी घेऊन यंत्र बसविलेल्यांस चाचणीविना बसविलेल्यांपेक्षा अधिक गुण आला नाही, हे खरे आहे. भाकीत म्हणून चाचणी दुबळी असेल. परंतु तिचे मोल केवळ भाकितात नाही. ज्याच्या देहात वस्तू राहणार, त्यास ती काही दिवस अनुभवून ‘नको’ म्हणण्याची संधी त्यात मिळते. ही संधी किती जणांनी वापरली यावर तिची किंमत ठरत नाही. न्यायालयाचे दार उघडे असावे ते रोज कोणी आत येते म्हणून नव्हे.

गोमंतकातील वाचकांस देवळातला कौल परिचयाचा आहे. मूर्तीस भिजवलेल्या पाकळ्या लावतात, भटजी गाऱ्हाणे घालतात, आणि सारे श्वास रोखून पाहतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, असा सर्वसाधारण संकेत. या प्रथेविषयी कोणाचे काहीही मत असो, तिच्यात एक शिस्त आहे. डावा कौल पडला म्हणून देवाशी कोणी भांडत नाही, पाकळी उचलून पुन्हा उजवीकडे चिकटवीत नाही. ज्यास डावा कौल ऐकावयाचा नाही त्याने गाऱ्हाणेच घालू नये, हे लहान मुलासही कळते. मग माणसाच्या देहास प्रश्न विचारताना आपण ही शिस्त का सोडतो? जो बाप, जी आई, जी बहीण त्या आठवड्याच्या शेवटी ‘नाही, फरक पडला नाही’ असे म्हणते, तिने खर्च वाया घालविला नाही. तिने घरास खरे सांगितले.

अशा नकारानंतर पुष्कळ घरांत एक विचित्र थंडपणा येतो. जणू रुग्णाने बरे होण्याचे नाकारले! एवढे केले, तरी यांचे आपले दुखतेच. पूर्वी जी कुजबुज दबक्या आवाजात होती ती आता उघड होते. वास्तविक या घटकेला त्या माणसाचा शब्द पूर्वीपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरला आहे. होकार देणे सोपे होते, सर्वांस हवे होते, आणि तरीही त्याने तो दिला नाही. कोर्टात ज्या साक्षीदाराने आपल्याच हिताविरुद्ध सांगितले त्याच्या शब्दास वजन येते. घरानेही ते द्यावे.

होकाराविषयीही तीच निष्ठा हवी. ज्यास खरोखर आराम पडला, त्यास ‘हे सारे मनाचे खेळ’ म्हणून हिणविण्याचा अधिकार शेजाऱ्यास नाही. चार वर्षांनी तो देवळाची पायरी चढला असेल, तर ती पायरी चढलेली आहे.

यंत्रे सुधारतील, स्वस्त होतील, कदाचित उद्या आजच्या यंत्रांस कोणी हात लावणार नाही. तरी तेव्हाही कोणीतरी खाटेवर असेल आणि कोणीतरी त्यास विचारीत असेल. विचारणाऱ्याने आपले हवे ते उत्तर घराबाहेर ठेवून यावे आणि जे ऐकावयास मिळेल ते घेऊन बसावे. उत्तर ‘नाही’ असले, तरी त्या रात्री पायाशी बसून पांघरूण अलगद वर धरण्याचे काम उरतेच. त्यास चाचणी लागत नाही, आणि ते कोणत्याही घरास आजही करता येण्यासारखे आहे.